घरातली तख्फीफ

आमच्या घरात निजामाची राज्यं दोन होती. एक सगळ्या मुलखावर चालायचं ते, आणि दुसरं आमच्या ह्यांनी स्वयंपाकघराच्या दाराला खळीने चिकटवलं ते. पहिलं गेलं तेव्हा लोकांनी पेढे वाटले. दुसरं मी घालवलं, आणि त्याचे पेढे काही मला गोड लागले नाहीत.

हे आदिलाबादच्या तहसिलीत मुन्शी होते. कचेरीचं सगळं काम उर्दूत, सुट्टी शुक्रवारची, आणि घरी आल्यावर ह्यांच्या जिभेवरून कचेरी उतरायला तासभर लागायचा. आमच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. मूलबाळ अजून नव्हतं, सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. म्हणजे घरात राज्य करायला एक आणि करून घ्यायला एक, एवढीच माणसं.

दसरा होऊन गेल्यावर एका संध्याकाळी हे चेहरा पाडूनच आले. शेरवानीच्या गुंड्या काढता काढता म्हणाले, "सरकारात तख्फीफ होऊन राह्यली."

मला ऐकू आलं तकलीफ. मी विचारलं, "सरकारले कायची तकलीफ?"

त्यांचा पडलेला चेहरा एकदम उजळला. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "तकलीफ न्हाई, येडे. तख्फीफ. ख, फ. म्हंजे कपात. खर्च कमी करनं, मानसं कमी करनं." मग मला समोर बसवून तो शब्द चार वेळा म्हणायला लावला. माझी जीभ काही वळेना. दर वेळी तकलीफच यायचं.

इथवर ठीक होतं. नवरा बायकोला हसतो, बायको नवऱ्याला मनात हसते, संसार चालतो. पण पुढच्या शुक्रवारी कचेरीतले तिघं पत्ते खेळायला आले. त्यांत पेशकार साहेब होते, म्हणजे ह्यांच्या वरचे, पांढऱ्या दाढीचे, फार अदबीने बोलणारे. त्यांच्यासमोर ह्यांनी किस्सा सांगितला. "हमारी घरवाली पूछती है, सरकार को क्या तकलीफ!" ओसरीवर हास्याचा फवारा उडाला. मी दाराआड चहाचे पेले घेऊन उभी होते. त्या हसण्यासाठी लागणारा चहासुद्धा मीच उकळला होता. पेले बाहेर सरकवताना मी ठरवलं की हे फेडायचं.

तख्फीफ खरी होती. कचेरीतल्या एका नकलनविसाची, म्हणजे नकला उतरवणाऱ्या कारकुनाची, जागा गेली आणि हे घाबरले. त्यांची भीती खोटी नव्हती हे मी आता कबूल करते. तेव्हा कोणी गळा दाबला असता तरी केलं नसतं. पण घाबरलेल्या माणसाने काय करावं? बायकोशी दोन शब्द बोलावे. ह्यांनी हुकूम काढला. कचेरीच्या कागदावर, कचेरीच्या शाईने, उर्दूत, उजवीकडून डावीकडे. दाराला चिकटवला आणि बोट ठेवत मला वाचून दाखवला.

"चाय, निस्फ. घासलेट, निस्फ. तेल, तूप, गूळ, निस्फ. सरपन, निस्फ. धोबी, निस्फ."

निस्फ म्हणजे अर्धं, एवढं मला माहीत होतं. शेवटची ओळ त्यांनी जरा घाईने वाचली. "माहेरची खेप, मौकूफ."

मौकूफ म्हणजे बंद. अर्धीसुद्धा नाही.

मी दर दिवाळीला माहेरी जायचे. भीमपूरच्या पुढे, पैनगंगेच्या अलीकडे आमचं गाव. कापूस आणि ज्वारी पिकवणारी माणसं. गावचा म्हातारा गाडीवान कापूस घालायला आदिलाबादला यायचा, परतताना रिकाम्या गाडीतून मला न्यायचा. भाडं म्हणाल तर नावापुरतं. ह्यांच्या महिन्याच्या पान-जर्द्यात तशा दोन खेपा झाल्या असत्या. पान-जर्दा कागदावर नव्हता. शुक्रवारचा पत्त्यांचा डावही नव्हता. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

आणि त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी गाडीवान दारात येऊन उभा राहिला. आईचा निरोप घेऊन. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. त्याने निरोप जसाच्या तसा सांगितला. "बुडी म्हनते, अंगनातली चिंच दिसते, पन चिंचेवरचं पाखरू दिसत न्हाई आता. दिवाळीले नक्की ये म्हने. डोळे हायेत तोवर एकदा तुले पोटभर पाहून घेतो म्हने."

मी निरोप ह्यांना सांगितला. रडले सुद्धा. हे खाली मान घालून सुपारी कातरत होते. म्हणाले, "हुकूम म्हंजे हुकूम. पुढच्या साली पाहू."

"मंग हुकूम कोनाले लागू? मलेच का?"

"घरातल्या समद्याले."

"तुमालेबी?"

"मलेबी," ते म्हणाले. न विचार करता म्हणाले. तिथे ते फसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यापुढे अर्धा पेला चहा गेला. अर्धा म्हणजे मोजून अर्धा, पेल्याला मी कोळशाची रेघ मारली होती. त्यांनी पेला पाहिला, मला पाहिलं, दारावरचा कागद पाहिला आणि गिळला. चहाही आणि शब्दही. जेवल्यावर विडा दिला तो अर्ध्या पानाचा. देठाकडचा अर्धा मी ठेवून घेतला. "पान कागदावर न्हाई," ते म्हणाले. मी म्हटलं, "चुना लागला कागदाले, म्हून दिसत नसन." संध्याकाळी ते कचेरीची बाडं घेऊन दिव्यापाशी बसले. अर्धं घासलेट जळालं तशी मी दिवा फुंकला. एका वाक्याच्या मधोमध. कुणा शेतकऱ्याचा अर्ज होता, त्याचं पुढे काय झालं कोण जाणे.

मीही अर्धं खात होते बरं. डोक्याला तेल लावणं मी सोडलंच. गुळाचा खडा तोंडात टाकायची सवय सोडली. मावल्याच्या रानातून मोळ्या घेऊन येणाऱ्या बायांना मी दारावरून परत पाठवायचे आणि तुराट्या, कपाशीच्या पराट्या जाळून भाकरी करायचे. धुरानं डोळे लाल व्हायचे. लोक म्हणतात, दात कोरून पोट भरत नाही. खरं आहे. पण दात कोरून सूड घेता येतो, हे मी अनुभवाने सांगते. काटकसर ही अशी गोष्ट आहे की जो ती लादतो त्याच्यापेक्षा जो ती मनापासून करतो तो जास्त छळू शकतो. ज्याला काहीच नको झालं, त्याच्याकडून तुम्ही काय काढून घ्याल?

वाचलेले पैसे हे एका पत्र्याच्या पेटीत टाकायचे. तिची किल्ली त्यांच्या करदोड्याला. मला त्या पेटीचं काही नव्हतं. माझी मिळकत वेगळी होती. अर्धा पेला संपल्यावर ते रिकाम्या पेल्यात पाहायचे, ती माझी मिळकत.

मग शेरवानीची पाळी आली. धोबी निस्फ, म्हणजे एका आठवड्याला शेरवानी धोब्याकडे, एका आठवड्याला माझ्याकडे. मी ती रिठ्याने स्वच्छ धुतली. तांदळाची दाट खळ केली. आणि शेरवानीच्या बरोब्बर उजव्या अर्ध्या भागाला ती लावली. डावा अर्धा तसाच. इस्त्री करून खुंटीला लावली तेव्हा वरवर काही कळत नव्हतं. कचेरीत जाऊन बसल्यावर कळलं. उजवी बाही लाकडासारखी उभी, डावी लोंबलेली. उजवा घेर ताठ पुढे आलेला, डावा मांडीवर निजलेला. पेशकार साहेबांनी काळजीने विचारलं म्हणे, "मुन्शीजी, लकवा तो नहीं मार गया?"

त्या दिवशी हे घरी आले ते ओरडतच. मी शांतपणे ज्वारी निवडत होते. म्हटलं, "निस्फ म्हनलं होतं ना तुमी? पुरी लावली असती त हुकूम मोडला असता." कायदा त्यांचाच, मारणार कोणाला? मी सूप तोंडापुढे धरलं आणि त्याआड पोट दुखेपर्यंत हसले. माझ्या आयुष्यात मी तितकी सुखी फार वेळा झालेली नाही.

दिवाळी गेली. गाडीवानाच्या फेऱ्या चालू होत्या, आईचे निरोप चालू होते. चिंच आता नुसती काळी दिसते. मग, बैल दिसतात, पण ढवळा कोणता नि तांबडा कोणता ते दिसत नाही. मी निरोप ऐकायचे, गाडीवानाला अर्धी भाकर द्यायचे, आणि आत येऊन ह्यांच्या ताटातली भाजी अर्धी करायचे. प्रत्येक निरोपाचा राग मी त्यांच्या ताटावर काढला.

संक्रांतीला मी तिळाचे लाडू केले. तीळ पुरते, गूळ निस्फ. लाडू वळले जाईनात, ह्यांच्या हातात देताच भुगा होऊन मांडीवर सांडले. त्यांनी भुगा गोळा केला आणि ताटलीत ठेवला. मग म्हणाले, "अवं, जा तू. चार दिवस आईकडे जाऊन ये. भाडं मी देतो."

त्याच आठवड्यात निरोप आला होता की माणूस आलं-गेलं समजते, तोंड मात्र अगदी जवळ आलं तरच दिसते. म्हणजे अजून दिसत होतं. मी तेव्हाच उठून लुगडं बांधायला हवं होतं. एवढंच करायला हवं होतं.

मी दाराकडे बोट केलं. "कागदावर त मौकूफ लिवलं हाये."

"फाड तो कागद."

"तुमचा हुकूम, तुमी फाडा. आनि आता न्हाई. शुक्रवारी फाडा. ज्याईच्यासमोर मले हसले होते, त्याईच्यासमोर."

त्यांचा चेहरा आवळला. घरात हार मानायला ते तयार होते, ओसरीवर नव्हते. "तुले जायचं हाये की मले नाचवायचं हाये?" ते म्हणाले.

"दोनीबी," मी म्हटलं.

शुक्रवार आला. हे पत्ते खेळले. कागद दारावर तसाच राहिला. मी गेले नाही. आई आणखी थोडी थांबेल असं मला वाटलं. आई थांबतेच असं आपण सगळे धरून चालतो. आणि खरं सांगायचं तर नाक दाबलं होतं, तोंड उघडायची वाट पाहण्यात गंमत येत होती. अर्ध्यावर सोडणं मला जमेना.

महिनाभराने, माघात, असाच एक शुक्रवार. हे जर्दा संपला म्हणून बाहेर गेले होते. त्यांचं पान अर्धं केल्यापासून ते चोरून बाहेर खात होते, ते मला ठाऊक होतं. ओसरीवर तिघं बसलेले. चहा काही येईना, तेव्हा पेशकार साहेब दाराकडे न बघता, अदबीने म्हणाले, "भाभी, आज चाय नहीं?"

मी दाराआडून म्हटलं, "साहेब, दूध नहीं, शक्कर नहीं, लकडी नहीं. चार महिने से घर में बहुत तकलीफ है."

तख्फीफ म्हणायचं होतं का मला? चार महिन्यांत तो शब्द मी शिकले होते. एकटी असताना ज्वारी दळता दळता स्वच्छ म्हणून पाहिला होता. ख, फ. त्या दिवशी मी तकलीफ म्हटलं, आणि ठरवून म्हटलं. ज्या शब्दाला ओसरी हसली होती, तोच शब्द मी ओसरीवर ठेवला. या वेळी कोणी हसलं नाही. पेशकार साहेबांनी हातातले पत्ते पालथे घातले. दाराच्या फटीतून त्यांना माझं ठिगळाचं लुगडं दिसलं असावं. हे परत आले तेव्हा तिघं जायला उठले होते, आणि जाताना प्रत्येकाने ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ह्यांना काही कळेना. मी ताकास तूर लागू दिली नाही.

पगार झाला त्या दिवशी संध्याकाळी पेशकार साहेब एकटेच आले. हातात रुमालात बांधलेलं गाठोडं. कचेरीत वर्गणी झाली होती. सगळ्यांनी घातलं होतं, दारावरच्या चपराश्यानेसुद्धा चार आणे घातले होते. साहेबांनी गाठोडं दोन्ही हातांनी पुढे केलं. "मुन्शीजी, शरम मत करो. तकलीफ सब पर आती है. हमसे कहते तो सही."

ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आत पत्र्याची पेटी भरलेली. नको म्हणावं, तर का नको ते सांगावं लागणार. घरी बायकोच्या गुळावर कपात लावून पेटी भरली, हे पांढऱ्या दाढीला कसं सांगणार? आणि घ्यावं, तर चपराश्याची भीक घेतली. शेवटी हात पुढे केले. मी दाराच्या फटीतून ते बघितलं, अगदी पोटभर बघितलं. त्या रुमालाच्या गाठीला हात लावताना त्यांची जी दशा झाली, ती मला कोणी आजही पुन्हा दाखवली तर मी पुन्हा बघेन.

साहेब गेल्यावर त्यांनी कागद टराटरा फाडला. मग माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, "झालं तुझं समाधान?"

"झालं," मी म्हटलं. "आनि हे पैसे माहे. तकलीफ माही होती." त्यातूनच मी गाडीभाडं दिलं. दोन आठवडी बाजार उलटल्यावर गाडीवान आला तेव्हा दिवसाढवळ्या, कचेरीसमोरून गाडी न्यायला लावून मी निघाले. वाटेत पळस फुलला होता. मी गाडीत बसून गाणं म्हणत होते. गाडीवान काहीच बोलत नव्हता. मीही त्याला निरोप विचारला नाही.

दिवस कलायच्या आत गाव आलं. आई अंगणात चिंचेखाली बसून सरकी निवडत होती. बोटं भराभर चालत होती, मान मात्र वर, कुठेतरी वेशीकडे. गाडीची चाकं वाजली तशी तिने मान वळवली, पण ती जरा चुकून, माझ्या बाजूच्या बैलाकडे वळवली.

"कोन?"

"मी, आई."

ती हसली. हात हवेत पुढे केला, तो मी धरला. तिने माझं तोंड चाचपलं, कपाळ, नाक, कान. केसांवरून हात फिरला तेव्हा जरा थांबला, कोरडे केस लागले असतील.

"शिवरातीपासून पुराच अंधार हाये," ती म्हणाली. तक्रार अशी नव्हतीच त्यात. "संक्रांतीले येशील वाटलं होतं. तेवा जवळ आलं की दिसत होतं. मी रोज थ्या पोरीले जवळ बोलवून पाहो, दिसते का म्हून. शेजारची पोरगी. तिचं नाक दिसे."

मी तिच्या अगदी जवळ सरकून बसले.

"बरं, तूच सांग. कशी दिसून राह्यली तू?"

माझे डोळे धुराने लाल होते. गालाची हाडं वर आली होती. हाताला रिठ्याने भेगा होत्या. मी म्हटलं, "होती तशीच, आई."

"मंग चाललं," ती म्हणाली. "तशी त तू मले पाठ हायेस." आणि तिने पुन्हा सरकी ओढून घेतली.

चार दिवस राहून मी परत आले. हे ओसरीवर वाट पाहत उभे होते. पाण्याचा तांब्या त्यांनी स्वतः पुढे केला. विचारलं, "दिसते का त्याईले?"

"न्हाई," मी म्हटलं. "तुमच्या कागदानं माह्या आईचे डोळे नेले. मले पाहाचं राह्यलं ते राह्यलंच." मी ते मोठ्याने म्हटलं, शेजारी ऐकतील असं. त्यांच्यावर फेकायला माझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं, आणि हे फेकलं नसतं तर ते माझ्या अंगावर आलं असतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं मला स्पष्ट दिसलं. "मी संक्रांतीले जा म्हनलं होतं." एखादा शब्द इकडे, एखादा तिकडे, पण तेच. ते म्हणाले असते तर मी भांडले असते, डोकं फोडून घेतलं असतं, आणि मोकळी झाले असते. ते काही बोलले नाहीत. तांब्या माझ्या हातात देऊन आत गेले.

पुढे आमची मुलं झाली, राज्य बदललं, कचेरीत तेलुगू आली, आम्ही म्हातारे झालो. आम्ही हजार वेळा भांडलो. आई गेली तेव्हाही मी त्यांना तेच ऐकवलं, चार माणसांत ऐकवलं. ते वाक्य त्यांच्यापाशी कायम होतं, आणि मरेपर्यंत त्यांनी ते मला एकदाही म्हटलं नाही. त्यांचा कागद, त्यांचं हसणं, ती पेटी, सगळं मी केव्हाच माफ केलं. हे मात्र अजून केलेलं नाही.